शेवट सांगावा की राखावा

शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ही एकच घटना तीन वेगवेगळ्या वाटांनी येऊन भेटते. शाळेच्या पुस्तकात ती रघुनाथरावांची सत्तालालसा आणि रामशास्त्री प्रभुण्यांचा बाणेदार निवाडा म्हणून येते. थोड्या मोठ्या वयात, पत्रातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ नेमके कोणी केले, आनंदीबाईंनी, आणखी कोणी, की तसे काही घडलेच नव्हते, हा प्रश्न डोक्यात घर करतो आणि तीच घटना तपासाची गोष्ट होऊन बसते. या दोहोंच्याही आधी, बहुधा एखाद्या मोठ्या भावंडाच्या तोंडून, वाड्यात रात्री अजूनही ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, हे आपण ऐकलेले असते. इतिहास, रहस्य आणि भय यांची कपाटे पुस्तकांच्या दुकानात वेगळी असली, तरी आपल्या मनात ती तिन्ही याच वाड्यात एकत्र नांदत आलेली आहेत.

वाचणाऱ्या मंडळींमध्ये वावरताना ‘काहीतरी सुचव’ ही मागणी वरचेवर येते, आणि ती करणारा बहुतेक वेळा प्रकाराचे नाव घेतो: ऐतिहासिक सांग, रहस्यकथा सांग, भुताखेताचे सांग. प्रकाराच्या नावावरून मात्र फारसे काही कळत नाही. मला त्यापेक्षा उपयोगी वाटणारा प्रश्न शेवटाविषयीचा आहे. ऐतिहासिक कादंबरीचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो आणि तरीही तो वाचतो. रहस्यकथेचा शेवट त्याच्यापासून लपवलेला असतो आणि तो उघड होईल या भरवशावर तो वाचतो. उत्तम भयकथेचा शेवट कळतो, पण पुस्तक मिटल्यावरही तो संपत नाही. पुढच्या माणसाला यांतले काय हवे आहे, हे एकदा समजले, की कोणते पुस्तक द्यायचे आणि देताना त्याविषयी किती बोलायचे, हे दोन्ही ठरवता येते. पुस्तक सुचवण्यातला अर्धा भाग हा किती बोलायचे याचाच असतो, असे माझे मत आहे.

ज्याने ऐतिहासिक कादंबरी कधीच वाचलेली नाही, त्याच्या हाती मी आजही रणजित देसाई यांची ‘स्वामी’ देतो. ती १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, थेऊरला क्षयाने गेले. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. हे सारे ठाऊक असूनही पुस्तक खाली ठेववत नाही, कारण शेवट ठाऊक असल्यामुळेच मधल्या पानांना वजन येते. नवराबायकोच्या एखाद्या साध्या संभाषणात काही विशेष घडत नसते, पण त्या दोघांच्या वाट्याला किती थोडी वर्षे आहेत हे आपल्याला माहीत असते आणि त्यांना माहीत नसते. त्यामुळे ‘स्वामी’ देताना मी शेवट खुशाल सांगतो; थेऊरला गेला असाल तर मुळा-मुठेच्या काठचे रमाबाईंचे वृंदावन पाहिले असेलच, असेही म्हणतो. या कादंबरीला त्याने काहीही धक्का लागत नाही.

‘स्वामी’ आवडलेला वाचक साहजिकच आणखी मोठ्या पुस्तकांकडे वळतो. ‘श्रीमान योगी’ आणि ‘छावा’ त्याच्यापर्यंत कोणी सांगितले नाही तरी पोहोचतात. त्यांची शिफारस करण्याची गरज नाही. त्याला दुसरीकडे वळवावे, असे मला मनापासून वाटते, आणि ते दुसरीकडे म्हणजे ना. सं. इनामदारांकडे. इनामदारांनी बहुतेक वेळा असे नायक निवडले, ज्यांच्याविषयी लोकांनी आपला निकाल आधीच देऊन टाकलेला होता. ‘झेप’ (१९६३) त्र्यंबकजी डेंगळ्यांवर आहे, ‘झुंज’ (१९६६) यशवंतराव होळकरांवर आहे, ‘मंत्रावेगळा’ (१९६९) दुसऱ्या बाजीरावांवर आहे आणि ‘शहेनशहा’ तर औरंगजेबावर आहे. दुसरा बाजीराव म्हणजे पळपुटा, एवढ्या एका शब्दात आपण ज्या माणसाला गुंडाळून ठेवले, त्याला शेकडो पाने सोबत करावी लागते तेव्हा वाचकाची मोठी ओढाताण होते. इंग्रज रेसिडेंट, आपल्या जागिरी सांभाळणारे सरदार आणि बाप रघुनाथराव यांच्या नावाचा डाग यांच्या मधोमध उभा असलेला हा माणूस १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि पुढची तेहतीस वर्षे गंगाकाठी ब्रह्मावर्तात जगला. इनामदारांचा कौल पटावाच असे नाही. मला तो सगळा पटत नाही. मात्र ज्याचा शेवट आपल्याला नुसता ठाऊकच नाही तर ज्याबद्दल आपला राग कायम आहे, त्याच्या आयुष्याचे दिवस एकामागून एक पाहायला लावणे, हे काम कादंबरीच करू शकते.

इनामदारांच्या पुस्तकांतही ‘शिकस्त’ मला अधिक जवळची आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांची पत्नी पार्वतीबाई यांनी ते मान्य केले नाही आणि वैधव्याची लक्षणे धारण केली नाहीत. पुढे भाऊ म्हणवणारा एक माणूस उभा राहिला, त्याच्यामागे लोक गेले, किल्ले गेले, आणि नाना फडणीसांच्या कारभाऱ्यांनी त्याला तोतया ठरवून १७७६ साली पुण्यात मृत्युदंड दिला. या साऱ्यात शनिवारवाड्यात बसून वाट पाहणारी एक स्त्री आहे. इतिहासाने या प्रकरणाचा निकाल कधीच लावला आहे, आणि तरीही वाचताना क्षणभर वाटते, की न जाणो. ठाऊक असलेल्या शेवटाभोवती असा संशय निर्माण करता येणे, ही ऐतिहासिक कादंबरीची मोठी ताकद आहे. ज्यांना रहस्यकथा आवडतात आणि ‘इतिहास आम्हाला कंटाळवाणा वाटतो’ असे जे सांगतात, त्यांना मी ‘शिकस्त’ देतो.

मात्र याच ताकदीमुळे ऐतिहासिक कादंबरी सुचवणाऱ्यावर एक जबाबदारी येते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचे नाव मराठीत इतके रुजले, की तानाजींच्या मृत्यूनंतरच कोंढाण्याला सिंहगड म्हणू लागले, असे आपल्यापैकी बहुतेक जण आजही सांगतात. ते नाव १६७० च्या आधीच्या कागदपत्रांतही आढळते. कादंबरीकाराला कल्पनेचे स्वातंत्र्य आहेच, पण वाचकाने ते स्वातंत्र्य ओळखले पाहिजे. म्हणून मी शक्यतो जोडीने पुस्तके सुचवतो. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) द्यायची, तर सोबत त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा पानिपतावरचा ग्रंथ द्यायचा. ‘स्वामी’ वाचून झाली, तर गो. स. सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’तला माधवरावांचा काळ वाचायला सांगायचा. पानिपतच्या वाचकाला हिंमत असेल तर ‘भाऊसाहेबांची बखर’ही द्यावी, कारण त्या बखरीच्या गद्यात असलेला वेग पुढच्या फार थोड्या कादंबऱ्यांना साधला आहे. अशी जोडी वाचल्यावर कादंबरी उणावत नाही. लेखकाने कुठे भर घातली, कुठे मौन पाळले, हे दिसू लागते, आणि कादंबरीकाराची कारागिरी त्या जागांतच असते.

जुन्या कादंबऱ्यांविषयी थोडक्यातच सांगतो. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. तिचे महत्त्व मानावे, पण नवख्या वाचकाची सुरुवात तिने करू नये. हरिभाऊंनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः छापल्या, त्यामुळे त्यांच्या प्रकरणांना पुढच्या आठवड्यापर्यंत वाचकाला धरून ठेवण्याची सवय आहे. विजयनगरच्या पाडावावरची ‘वज्राघात’ ज्याला लांब वाक्यांचा कंटाळा नाही त्याने जरूर वाचावी. नाथमाधवांची शिवकालीन मालिका किशोरवयीन वाचकांना अजून आवडते, हे मी पाहिले आहे.

या साऱ्यांच्या पलीकडे, माझ्या आग्रहाची शिफारस नंदा खरे यांच्या ‘अंताजीची बखर’ (१९९७) आणि ‘बखर अंतकाळाची’ या दोन पुस्तकांची आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत सिंहासनाजवळची माणसे बोलतात. येथे एक सामान्य, जिवाला जपणारा, बातम्या गोळा करून पोट भरणारा माणूस अठराव्या शतकाच्या मराठीत आपली हकिकत लिहितो. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करत होत्या, तो काळ त्यात आहे. त्या फौजांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांना बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने १७४४ मध्ये भेटीला बोलावून मारले, एवढे आपण इतिहासात वाचतो आणि त्याचा आपल्याला संताप येतो. तिकडे बंगालात मुलाला निजवताना ‘बोर्गी’ आले असे गाणे आजही म्हटले जाते, आणि ते बोर्गी म्हणजे आपलेच बारगीर, मराठी फौजेतले घोडेस्वार, हे आपल्याला कोणी फारसे सांगितलेले नसते. अंताजी हे सांगतो. तो कोणाची बाजू घेत नाही, कारण बाजू घेणे परवडेल एवढा तो मोठा नाही. पहिली काही पाने भाषेमुळे अवघड जातात, आणि हे मी देतानाच सांगून ठेवतो. तेवढा टप्पा पार करणाऱ्यांपैकी कोणी ते पुस्तक अर्धवट परत केलेले मला आठवत नाही.

रहस्यकथेच्या बाबतीत सुचवणाऱ्याने तोंड बंद ठेवायला शिकले पाहिजे. खुनी कोण हे सांगू नये, एवढे सर्वांना कळते. पण ‘शेवटी असा धक्का आहे, की तू कल्पनाच करू शकणार नाहीस’ हे वाक्यही निम्मा शेवट सांगून टाकते, कारण मग वाचक पहिल्या पानापासून धक्क्याच्या शोधात राहतो, सर्वांत निरुपद्रवी पात्रावर बोट ठेवतो आणि लेखकाने रचलेली वाट चालण्याऐवजी आडवाटेने पुढे धावतो. कथा कोणत्या जागी घडते, तपास करणारा कसा आहे, गती मंद आहे की वेगवान, एवढेच सांगावे आणि थांबावे.

मराठी रहस्यकथेचे नाव निघाले, की बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांना वगळता येत नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय-छोटू हे नायक गिरणगावापासून तालुक्याच्या गावापर्यंतच्या वाचनालयांत पोहोचले होते. त्यांच्या मागोमाग गुरुनाथ नाईकांनीही तेवढाच प्रचंड पसारा मांडला. या पुस्तकांनी असंख्य माणसांना वाचनाची चटक लावली. ज्यांच्या घरी दुसरे पुस्तक येत नव्हते, त्यांच्या घरीही ही पुस्तके भाड्याने आणली जात. त्या ऋणाचा उल्लेख वाङ्मयेतिहासात फार ओझरता होतो आणि तो अन्याय आहे, असे मला वाटते.

तरीही आज कोणाला अर्नाळकर सुचवताना मी एक गोष्ट स्पष्ट करतो, की त्यांतल्या अनेक कथांमध्ये कोड्यापेक्षा साहसाला महत्त्व आहे. वेषांतर, पाठलाग, ऐन वेळी आलेली मदत आणि दुष्टांना झालेली शिक्षा हे त्या कथांचे खरे सुख आहे. ज्याला सारे दुवे वाचकासमोर मांडलेले, आणि उत्तर कळल्यावर मागची पाने उलटून ‘हे तर आपल्यासमोरच होते’ असे म्हणायला लावणारे कोडे हवे आहे, त्याला ही पुस्तके दिली तर तो निराश होईल आणि दोष मात्र पुस्तकांना देईल. अशा वाचकाला भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स द्यावा. मुलांसाठी, आणि मुलांच्या निमित्ताने वाचणाऱ्या मोठ्यांसाठी, अशोक जैन यांनी अनुवादित केलेल्या सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टींना मी पहिली पसंती देतो. १९६५ साली बंगालीत जन्मलेला हा गुप्तहेर पिस्तुलापेक्षा निरीक्षणावर अधिक विसंबतो, भूगोल आणि इतिहास जाता जाता शिकवतो, आणि जैन यांची मराठी इतकी मोकळी आहे, की कलकत्त्याची ट्राम आपल्याच ओळखीची वाटते.

सुहास शिरवळकरांना आजचे वाचक ‘दुनियादारी’मुळे ओळखतात, पण बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद यांच्या गोष्टी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना त्यांच्या संवादांची धार ठाऊक आहे. रेल्वेच्या लांब प्रवासासाठी कोणी काही मागितले, तर मी अमर विश्वासची एखादी कथा सुचवतो. मुंबई पोलिसांच्या तपासकामावर आधारलेल्या श्रीकांत सिनकरांच्या कथा मात्र वेगळ्या वाचकासाठी आहेत. त्यांत चातुर्याचा झगमगाट नाही. चाळी, लॉज, खबरी, कंटाळवाणी पायपीट आणि शेवटी हाती लागणारा एखादा क्षुल्लक धागा आहे. खून ही एखाद्याच्या घरात खरोखर घडणारी गोष्ट आहे, याची जाणीव त्या कथा देतात आणि ती जाणीव कोड्याच्या आनंदापेक्षा जड असते.

भयकथेकडे येताना मी पुस्तकाच्या आधी माणसाचा विचार करतो. नुकतेच ज्याच्या घरी कोणी गेले आहे, जो परगावी एकटा राहू लागला आहे, जिच्या मांडीवर तान्हे मूल आहे, त्यांना भयकथा देताना दहा वेळा विचार करावा. ऐतिहासिक कादंबरी आवडली नाही तर वेळ वाया जातो. चुकीच्या वेळी वाचलेली भयकथा काही रात्री सोबत राहते. कोणाला कशाची भीती वाटते हे विचारणे थोडे खाजगी असले, तरी ते विचारलेले बरे.

आपल्याकडे भयाला तोटा नाही. मुंजा, समंध, हडळ, जखीण, खवीस, गिऱ्हा, चकवा यांची प्रत्येकाची जागा, वेळ आणि स्वभाव ठरलेला आहे. पिंपळावर कोण आणि पाण्यात कोण, हे कोकणातल्या जुन्या माणसांना पत्त्यासारखे पाठ असते. गोव्यात आणि तळकोकणात तर भय आणि रक्षण यांच्यातली सीमाही पुसट आहे. गावाचा राखणदार रात्री फिरतो, त्याला लोक भितात आणि त्याच्याच भरवशावर निजतात. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो गावात फिरतो आणि चालून वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. वेताळ हा भुतांचा राजा आणि तोच गावाचा देव, हे ज्या मातीत शक्य आहे, तेथील भयकथा केवळ किंकाळीवर उभी राहू शकत नाही.

नारायण धारपांनी (१९२५–२००८) हे फार चांगले ओळखले होते, असे त्यांची पुस्तके वाचताना वाटते. त्यांच्या कथेत अमंगळ शक्ती येते ती घाईने येत नाही. एखादी वास्तू, एखादी वस्तू, वारशाने आलेले घर, शेजारी राहायला आलेले कुटुंब यांपासून सुरुवात होते; निवेदक साधा, शिकलेला, पुरावा मागणारा असतो, आणि भाषा इतकी सरळ असते, की वाचक तिच्यावर विश्वास ठेवून एकेक पायरी उतरत जातो. परत फिरावेसे वाटेपर्यंत तो बराच खाली गेलेला असतो. आणि मग ‘समर्थ’, हे धारपांचे अनेक कथांतून भेटणारे पात्र, येतात. समर्थांच्या कथांमध्ये अंधाराला उत्तर देणारी एक शक्ती आहे, नियम आहेत, किंमत मोजून का होईना पण मिळणारे संरक्षण आहे. ज्याला भयाची हौस आहे पण रात्री झोपही हवी आहे, त्याच्यासाठी समर्थकथा हा उत्तम आरंभ आहे. त्यानंतर ‘अनोळखी दिशा’ या कथांकडे जावे, कारण तेथे प्रत्येक वेळी कोणी सोडवायला येतेच असे नाही.

धारपांनी पाश्चात्त्य भयसाहित्यातून पुष्कळ घेतले, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, हे जाणत्या वाचकाला लगेच कळते. मी देताना तेही सांगतो. त्यामुळे काही जण पुस्तक बाजूला ठेवतात. ठेवू नये, असे माझे म्हणणे आहे, कारण त्या कादंबरीतले गाव, तिथली कुटुंबे आणि संकटासमोर माणसे ज्या श्रद्धेचा आधार घेतात ती श्रद्धा, हे सारे आपल्याकडचे आहे, आणि घेतलेले बीज आपल्या जमिनीत कसे उगवते हे पाहण्यातही वाचकाचा आनंद आहे.

‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ मध्ये आल्यापासून तरुण वाचकांची एक नवी पिढी धारपांकडे वळली, कारण त्या चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. त्याच वेळी एक घोटाळाही सुरू झाला. चित्रपटाच्या नावावरून अनेक जण श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ भयकादंबरी समजून मागू लागले. ती भयकादंबरी नाही. जगबुडी नदीच्या काठच्या खोत घराण्याच्या चार पिढ्यांची ती दोन खंडांतली विशाल कहाणी आहे, १९८७ साली आलेली. भुताच्या अपेक्षेने ती उघडणाऱ्याला मी आधीच सावध करतो, पण परत घेत नाही. मुजोरी, व्यसन, हाव आणि घराण्याचा अभिमान एका वास्तूला कसे पोखरतात, हे ज्याला पाहायचे आहे त्याला तेथे पुरेसा अंधार मिळतो.

रत्नाकर मतकरींचे (१९३८–२०२०) जग याहून वेगळे. बँकेत नोकरी केलेला, रंगभूमीवर आयुष्य वेचलेला हा लेखक मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहितो, त्यातली चेटकीण रंगमंचावर आली की बालप्रेक्षक आनंदाने किंचाळतात. आणि तोच लेखक मोठ्यांसाठी ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘कबंध’ या संग्रहांतल्या गूढकथा लिहितो, ज्या वाचल्यावर घरातल्याच माणसाकडे पाहण्याची नजर बदलते. मतकरींच्या कथेला ओसाड वाडा लागत नाही. मध्यमवर्गीय घर, सुशिक्षित जोडपे, एक मूल, शेजारपाजार, एवढे पुरते. भय बाहेरून येत नाही, ते नात्यात आधीपासून असते आणि कथा फक्त त्यावरचे झाकण थोडे सरकवते. समर्थ येथे येणार नाहीत. शेवटच्या ओळीत कथा संपते, पण त्या ओळीचा अर्थ लावायचे काम वाचकाकडे सोपवून ती संपते, आणि एकाच कथेचा शेवट दोन वाचक वेगवेगळा सांगतात, असे मी अनेकदा ऐकले आहे. म्हणून मतकरी सुचवताना शेवट सांगितला तरी बिघडत नाही, असे मला वाटे. पण वाचकाला तो अर्थ स्वतः लावू देणे अधिक चांगले, म्हणून मी सांगत नाही. त्यांच्या कथा एका बैठकीत सलग वाचू नयेत, एवढी सूचना मात्र आवर्जून करतो. एक कथा वाचावी आणि पुस्तक बंद करावे.

चिं. त्र्यं. खानोलकरांना कोणी भयकथाकार म्हणत नाही आणि म्हणूही नये, तरी माझ्या भयाच्या यादीत ‘कोंडुरा’ आणि ‘रात्र काळी, घागर काळी’ असतातच. वेंगुर्ल्याच्या परिसरातला समुद्र, पाऊस, देवळे, आणि त्यांच्या सावलीत आपल्या वासनेने व पापभावनेने ग्रासलेली माणसे हा खानोलकरांचा प्रदेश आहे. दैवी साक्षात्कार आणि मनाचा भ्रम यांतले खरे काय, हे ‘कोंडुरा’ शेवटपर्यंत एका बाजूला झुकू देत नाही, आणि वाचकाला त्या दोन्हींच्या मध्ये उभे राहून सारा विनाश पाहावा लागतो. ज्याला धारप आणि मतकरी वाचून झाले आहेत आणि ‘आता आणखी खोल काही द्या’ असे जो म्हणतो, त्याच्यासाठीच हे राखून ठेवावे. आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांचा ‘अंधारवारी’ हा कथासंग्रह आणि ‘दंशकाल’ ही कादंबरी मी निःशंकपणे सुचवतो. घराणे, गाव आणि बालपणीच्या आठवणी यांतून भय कसे साकळते, हे त्यांना नेमके ठाऊक आहे, आणि ते वाङ्मयीन मराठीच्या तोलाने लिहिले, तर भयकथेला दुय्यम मानण्याचे कारणच उरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

धारपांची बरीच पुस्तके आता ऐकण्यासाठीही उपलब्ध आहेत, आणि डोळ्यांवर ताण सहन न होणाऱ्या ज्येष्ठांना किंवा परदेशी वाढलेल्या, मराठी समजणाऱ्या पण देवनागरी सावकाश वाचणाऱ्या मुलांना मी तीच वाट सांगतो. भुताची गोष्ट मुळात ऐकण्याचीच होती. रहस्यकथा ऐकताना मात्र मागे जाऊन दुवा तपासता येत नाही, आणि बखरीची भाषा पहिल्यांदा डोळ्यांनीच वाचलेली बरी.

इतके सारे सुचवूनही एक मागणी अशी येते, जिला मला पुरते उत्तर देता येत नाही. ‘हे तिन्ही एकत्र असलेले मराठीत काय आहे?’ म्हणजे भूतकाळात घडलेला खून, त्याचा त्या काळच्या साधनांनी केलेला प्रामाणिक तपास, आणि त्या काळच्या माणसांच्या मनातले खरे भय. उंबर्तो एको यांनी ‘द नेम ऑफ द रोझ’ या कादंबरीत १३२७ सालच्या एका इटालियन मठात हे करून दाखवले. गो. ना. दातारांनी गेल्या शतकाच्या आरंभी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्या मराठी मुलखात आणून ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारखी पुस्तके लिहिली, त्यांत जुना काळ, भुयारे, कट आणि अद्भुत यांची रेलचेल आहे आणि जुन्या वाचकांनी ती तन्मयतेने वाचली. पण तो इतिहास म्हणजे नेपथ्य आहे.

खरा विषय तर आपल्या दप्तरांत तयार आहे. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आले, पेशव्यांबरोबर जुलै १८१५ मध्ये पंढरपूरला गेले आणि विठोबाचे दर्शन घेऊन रात्री परतताना वाटेत त्यांचा खून झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळच्या बाजूला होता. संशय त्र्यंबकजी डेंगळ्यांवर आला, त्यांना इंग्रजांच्या हवाली करावे लागले, आणि ते ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत असताना एका मोतद्दाराने घोड्याची निगा राखता राखता गाण्यातून सुटकेचा बेत त्यांना कळवला, असे सांगतात. १८१६ मध्ये ते निसटले, १८१८ मध्ये पुन्हा सापडले, आणि चुनारच्या किल्ल्यात त्यांचा अंत झाला. तेथे कैदेत असताना बिशप हेबर यांनी त्यांना पाहिल्याची नोंद आहे. आषाढीची गर्दी, तीर्थक्षेत्रातला खून, देवाच्या दारात सांडलेल्या रक्ताचे भय, घाबरलेले बडवे आणि पुजारी, गप्प बसलेले कारभारी, आणि ज्याच्या निकालावर एक राज्य टिकणार की जाणार हे ठरायचे होते असा तपास. शेवट सर्वांना ठाऊक आहे आणि खुनामागचा हात कोणाचा यावर अजून वाद घालता येतो. पंढरपुरातल्या एखाद्या लहान माणसाच्या, चौकीवरच्या शिपायाच्या किंवा मशालजीच्या नजरेतून हे लिहिणारा कोणी मराठी लेखक निघाला, तर ते पुस्तक मी पहिल्यांदा रहस्यकथेच्या वाचकांना देईन आणि त्यांना इतिहासातले काहीही आधी सांगणार नाही. तोवर विचारणाऱ्यांना ‘झेप’ द्यावी, आणि ती वाचून झाल्यावर १८१५ ते १८१८ चा इतिहास.